बिल कोणाच्या नावावर?

राजारामपुरीत पत्ता सांगायला गल्लीचा नंबर पुरतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाची ही वसाहत. मेन रोडला येऊन मिळणाऱ्या क्रमांकांच्या गल्ल्या, जनता बाजार, माउली पुतळा, आणि दुकानांच्या बाजूने वर जाणारे अरुंद जिने. जिन्याच्या तोंडाशी पाट्यांची उतरंड असते. स्पर्धा परीक्षांचे क्लास, टॅलीचे क्लास, सीए, दंतवैद्य, आणि अधूनमधून ‘प्लेसमेंट सर्व्हिसेस’, ‘एचआर कन्सल्टंट’, ‘मॅनपॉवर सप्लायर’, ‘ओव्हरसीज जॉब्स’.

हा धंदा इथे रुजावा यात नवल नाही. उद्यमनगर लागूनच आहे. शिवाजी विद्यापीठ जवळ. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या तिन्ही औद्योगिक वसाहतींकडे इथून सहज निघता येते. कोल्हापूरच्या पट्ट्यात सुमारे ३०० फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, इंजिन यांची कास्टिंग्ज इथून देशभर जातात. त्यांना मोल्डिंगला, कोअरला, फेटलिंगला माणसे लागतात, मशीनशॉपला सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटर लागतात, क्वालिटीला डिप्लोमावाले लागतात आणि कधीतरी एखादा प्लँट हेडही लागतो. दुसऱ्या बाजूला राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडहून आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग उरकून शहरात आलेली पोरे आहेत. या दोघांच्या मध्ये त्या जिन्यावरचे ऑफिस बसलेले असते.

बायोडेटाची प्लास्टिक फाइल काखेत धरून वर जाणाऱ्या पोराला चारही पाट्या सारख्याच वाटतात. टेबल, कॉम्प्युटर, दोन फोनवर बोलणाऱ्या मुली, भिंतीवर कंपन्यांची नावे. आतले धंदे मात्र अगदी वेगळे आहेत, कारण प्रत्येकाला पैसे देणारा वेगळा आहे किंवा पैसे मिळण्याची वेळ वेगळी आहे. एजन्सी चांगली की वाईट, तिथला माणूस गोड बोलतो की तुसडा, हे नंतर पाहावे. आधी तिचे बिल कोणाच्या नावावर फाटते ते पाहावे. पुढचे बहुतेक सगळे त्यावरून कळते.

सर्वांत सरळ धंदा कायम नोकरीच्या भरतीचा. कंपनी जागा सांगते, कन्सल्टंट माणसे शोधतो, त्यातला एक जण रुजू झाला की कंपनी फी देते. कोणीच रुजू झाला नाही तर फी शून्य. भारतात या फीचा सर्वांत प्रचलित आकडा ८.३३ टक्के. वर्षाच्या सीटीसीचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. (दिवाळीत कामगाराला मिळणारा किमान बोनसही ८.३३ टक्केच. तोही एका महिन्याचाच हिशेब.) अनुभवी, दुर्मीळ माणसाची जागा असेल तर फी साडेबारा टक्क्यांपर्यंत आणि त्याहीवर जाते. हेल्पर-ऑपरेटरच्या जागांना टक्केवारी न लावता डोकी मोजून ठरावीक रक्कम ठरते.

समजा गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याने क्वालिटी इंजिनिअर घेतला, सीटीसी ४,८०,००० रुपये. कन्सल्टंटची फी ४०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००. बिल ४७,२०० रुपयांचे. ते रुजू झाल्याच्या दिवशी मिळत नाही. करारात तीस किंवा पंचेचाळीस दिवस लिहिलेले असतात, शिवाय ‘रिप्लेसमेंट’चे कलम असते. साठ किंवा नव्वद दिवसांत माणूस सोडून गेला तर दुसरा फुकट आणून द्यायचा. पुष्कळ कंपन्या तोवर बिल थांबवूनच ठेवतात. मधल्या काळात कन्सल्टंटचे भाडे, फोनवरच्या मुलींचे पगार आणि नोकरीच्या वेबसाइटवर बायोडेटा शोधण्याची वार्षिक वर्गणी चालूच असते. एका जागेसाठी पन्नास जणांशी बोलावे, दहा जणांना मुलाखतीला पाठवावे आणि पैसे एकाच्याच नावावर मिळावेत, असे या कामाचे गणित आहे.

हे गणित समजले की उमेदवाराच्या पुष्कळ तक्रारींचा उलगडा होतो. मुलाखतीला जाईपर्यंत दिवसातून चार फोन करणारा माणूस निवड झाली नाही की गायब का होतो? कारण त्या फाइलवर त्याला आता एक रुपयाही मिळणार नाही, आणि त्याच दिवशी त्याला दुसऱ्या तीन जागा भरायच्या आहेत. हे माणुसकीला धरून नाही. नकार कळवायला एक मिनिट लागते आणि चांगले कन्सल्टंट तो कळवतात. पण त्या शांततेवरून स्वतःची किंमत ठरवत बसलेली पोरे पाहिली की वाईट वाटते. ती शांतता त्यांच्याबद्दल काहीच सांगत नसते.

पगाराच्या घासाघिशीचेही असेच. कन्सल्टंटची फी पगारावर असते, म्हणजे पगार वाढावा यात त्याचाही फायदा, असा समज असतो. हिशेब करून बघावा. आपल्या क्वालिटी इंजिनिअरने ४,८०,००० ऐवजी ५,१०,००० मागितले आणि मिळाले, तर कन्सल्टंटची फी सुमारे २,५०० रुपयांनी वाढते. मागणीमुळे कंपनी बिथरली आणि दुसरा माणूस घेतला, तर त्याचे ४०,००० जातात. अडीच हजारांसाठी चाळीस हजार कोण पणाला लावेल? म्हणून तो ‘आता घेऊन टाका, सहा महिन्यांनी वाढवतील’ असाच सल्ला देणार. सल्ला कधी बरोबरही असतो. फक्त तो देणाऱ्याचे पैसे कुठे अडकलेत हे ऐकणाऱ्याला माहीत असावे. पगाराची किमान रक्कम कंपनीत बायोडेटा जाण्याआधीच त्याला स्पष्ट सांगून ठेवली, तर शेवटच्या दिवशी ही ओढाताण होत नाही. तोही कामाला लागतो, कारण कोणत्या आकड्याला माणूस नक्की रुजू होईल हे कळणे त्याच्या दृष्टीने सोन्यासारखे असते.

वरच्या पदांसाठी आणखी एक रीत आहे. कंपनी काम सोपवतानाच काही रक्कम देते, निवडक उमेदवारांची यादी आल्यावर आणखी काही, आणि नेमणूक झाल्यावर उरलेली. एकूण फी वर्षाच्या पगाराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते. हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्मचे काम. राजारामपुरीतल्या जिन्यांवर ते क्वचितच येते, म्हणून त्यावर थांबत नाही.

इथे जास्त थांबायला हवे ते ‘मॅनपॉवर सप्लाय’च्या पाटीपाशी. यात माणूस काम करतो कारखान्यात, पण पगारपत्रक असते एजन्सीचे. एजन्सीचे उत्पन्न एकदाच मिळणाऱ्या फीतून येत नाही. माणूस जितके महिने कामावर, तितके महिने तिला सर्व्हिस चार्ज मिळतो.

समजा ठरलेले वेतन महिना १५,००० रुपये. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि त्याचे जोडखर्च मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. वर बोनस, रजा, गणवेश. एजन्सीने वेतनावर सहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर तिला एका माणसामागे महिना ९०० रुपये मिळतात. त्यातून सुपरवायझर, हजेरी, कागदपत्रे, आणि कारखान्याचे पैसे येण्याआधी स्वतःच्या खिशातून पगार वाटण्याचा भार. कष्टाचा पण सरळ धंदा आहे.

आता समजा कारखान्याने तीन एजन्सींची कोटेशन्स मागवली. एकीने सहा टक्के लिहिले, दुसरीने चार, तिसरीने एक. पर्चेसच्या सवयीने खालची निविदा मंजूर झाली. एक टक्का म्हणजे माणसामागे महिना १५० रुपये. त्यात ऑफिसचे लाइट बिल तरी निघेल का? मग ती एजन्सी जगते कशावर? ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो, तो एकेरी दराने वाटला जातो. पीएफ पगारातून कापला जातो पण खात्यावर भरला जात नाही, किंवा निम्म्याच वेतनावर भरला जातो. गणवेश आणि बुटांचे पैसे कामगाराकडून घेतले जातात. आणि कामावर लावून दिल्याबद्दल त्याच्याचकडून पहिल्या पगारातून काही हजार उकळले जातात. कोटेशनमधून जी रक्कम वाचली असे मालकाला वाटते, ती ओडिशाहून, बिहारमधून किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेल्या फेटलिंगच्या पोराने भरलेली असते. हा व्यवहार कुठल्याच बिलावर दिसत नाही आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालतो.

कायदा मालकाला यातून सुटू देत नाही. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आला तेव्हापासूनचे तत्त्व असे की ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. नंतर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करायची ती त्याने करावी. त्यामुळे एक टक्क्याचे कोटेशन स्वस्त नाही, तो लांबणीवर टाकलेला खर्च आहे. कामगारालाही आज एक शस्त्र हाताशी आहे. पीएफ खात्याचा यूएएन नंबर सुरू करून घेतला की पीएफ दरमहा जमा होतो की नाही हे मोबाइलवर दिसते. रुजू होताना हा नंबर मागून घ्यावा आणि दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पाहावे. नोंद नसेल तर त्याच आठवड्यात विचारावे. सहा महिने उलटल्यावर ठेकेदार बदललेला असतो.

चौथी पाटी उमेदवाराकडून पैसे घेणाऱ्याची. रक्कम कधी पाचशे असते, कधी काही हजार. नाव ‘रजिस्ट्रेशन’, ‘फाइल चार्ज’, ‘ट्रेनिंग’ असे काहीही. कधी रुजू झाल्यावर पहिला पगार द्यायचा असतो, आणि तारणाला मूळ मार्कशीट ठेवून घेतलेली असते.

या धंद्याचेही गणित करून पाहावे. महिन्याला तीनशे पोरांनी पाचशे-पाचशे रुपये भरले तर दीड लाख रुपये झाले. त्यासाठी एकालाही नोकरी लागावी लागत नाही. उलट नोकरी लावण्याचे कष्ट घेतले तर खर्च वाढतो. ज्याचे उत्पन्न फॉर्म भरण्यावर संपते, त्याला फॉर्म भरणारेच हवे असतात. म्हणून जाहिरातीत जागा नेहमीच ‘तातडीने’ भरायच्या असतात, पगार नेहमीच जरा जास्त असतो आणि कंपनीचे नाव पैसे भरल्यावरच कळते.

मराठी मुलखाला हा प्रकार नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरतीचा सगळा कारभार जॉबरच्या हातात असे. कोकणातून आणि देशावरून आलेला माणूस गिरणीच्या फाटकावर उभा राही आणि जॉबर बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम मिळे. त्या बोटाची किंमत दस्तुरी म्हणून वसूल होई. कधी रोख, कधी पगारातून, कधी जॉबरच्याच ओळखीच्या दुकानातली उधारी म्हणून. गिरणीमालकाला भरतीचा खर्च नव्हता, कारण तो कामगार करत होता. १९३१ साली कामगारविषयक व्हिटली आयोगाच्या अहवालाने या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवले. पुढे १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली आणि १९५० मध्ये सरकारने आपली. जॉबरची सत्ता कमी झाली ती त्याला उपदेश करून नव्हे, नोंदणीचे रजिस्टर त्याच्या हातून काढून घेतल्यावर.

कोल्हापुरात उसाच्या हंगामात याचे दुसरे रूप दिसते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारी टोळी मुकादम जमवतो. वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम ती कोयत्यागणिक, म्हणजे तोडणीच्या जोडप्यागणिक, वाटतो. तोडणीच्या दरावर मुकादमाचे वेगळे कमिशन कारखान्याकडून येते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले. म्हणजे भरती करणाऱ्याचा मेहनताना कागदावर आहे आणि तो उद्योगाकडून येतो. ही त्यातली जमेची बाजू. पण उचलीचे कर्ज मजुराच्या डोक्यावर बसते आणि त्याचा कारखान्याशी थेट संबंध उरत नाही. दुसरीकडे उचल घेऊन मुकादम आलाच नाही म्हणून आमच्या भागातले ट्रॅक्टरवाले दरवर्षी पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवतात. मधल्या माणसाला कोण पैसे देतो याइतकेच ते कधी देतो हेही महत्त्वाचे ठरते.

जगाने या प्रश्नावर शंभर वर्षे विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली पहिली शिफारस केली, तिच्यातच फी घेणाऱ्या खासगी नोकरी-दलालांना आळा घालण्याचा विषय होता. १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराने खासगी एजन्सींना मान्यता दिली, पण सातव्या कलमात नियम घालून दिला की त्यांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतीही फी घेऊ नये. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य असताना, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी सरकारी रोजगार केंद्रांचे जाळे सुरू झाले. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा केंद्राला कळवणे सक्तीचे केले. भरती तिथूनच करण्याची सक्ती मात्र नव्हती. त्यामुळे जागा कळवल्या गेल्या, माणसे दुसरीकडून घेतली गेली, आणि ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलंय’ हे वाक्य घराघरात एका पिढीच्या वाट पाहण्याचे वाक्य झाले. आज त्या केंद्राचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे आहे. महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट होते आणि रोजगार मेळावेही फुकट असतात. पाचशे रुपये भरण्याआधी निदान हे दार वाजवावे.

परदेशी नोकरीपुरता कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशात माणसे पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, तो ठेव म्हणून बँक गॅरंटी देतो आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. एजंटाचा परवाना चालू आहे की निलंबित, हे ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. ‘मुंबईच्या ऑफिसचा आमचा माणूस’ म्हणून गल्लीत बसलेल्या उपएजंटाला या कायद्यात जागा नाही. आखातात जाणाऱ्या ईसीआर, म्हणजे उत्प्रवास मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवाल्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत मिळतो. त्याचे दोन हजार कोणी मागितले तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार राज्याने घ्यायचे ठरले. ‘जर्मनीला पाठवतो’ म्हणून लाखांची मागणी झाली, की हा सरकारी मार्ग आधी तपासावा.

देशातल्या नोकरीसाठीच्या प्लेसमेंट ऑफिसला मात्र परदेशी भरतीसारखी देशव्यापी परवान्याची चौकट नाही. फीवर देशव्यापी कमाल मर्यादाही नाही. दुकानाची नोंदणी आणि पाटी एवढ्यावर पुष्कळदा धंदा सुरू होतो. त्यामुळे पावतीला इथे विशेष महत्त्व आहे. पैसे भरलेला उमेदवार ग्राहक असतो. सेवेत फसवणूक झाली तर तो जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलू शकतो. नोकरीचे खोटे आमिष असेल तर पोलिसांत तक्रार होते. पण यूपीआयने एखाद्याच्या खासगी नंबरवर पाठवलेले आणि पावती नसलेले पैसे म्हणजे निम्मी बाजी हरल्यासारखेच. माझे मत त्याही पुढचे आहे. देशातल्या नोकरीसाठी उमेदवाराने कोणालाच पैसे देऊ नयेत. ज्याला माणूस हवा आहे, त्याने शोधण्याचा खर्च करावा.

पैशाची आणखी एक दिशा आहे, आणि ती मोठ्या कंपन्यांतही वाहते. २०२३ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये भरतीशी संबंधित कर्मचारी आणि माणसे पुरवणाऱ्या फर्म यांच्यातले गैरव्यवहार उघडकीला आले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केले की चौकशीत १९ कर्मचारी गुंतलेले आढळले, त्यातल्या १६ जणांना काढून टाकले आणि सहा पुरवठादार फर्मना बंदी घातली. इतकी शिस्त असलेल्या कंपनीत हे घडू शकते, तर जिथे भरतीचा अधिकार एकाच माणसाच्या हातात आहे अशा शंभर कामगारांच्या कारखान्यात मालकाने किती सावध राहायला हवे? कोणत्या एजन्सीकडून किती माणसे आली, किती टिकली आणि त्यांना कोणी निवडले, एवढा तक्ता वर्षातून दोनदा मालकाने स्वतः पाहिला तरी पुष्कळ कळते.

आता कन्सल्टंटबरोबर काम करायचे कसे, याबद्दल. उमेदवाराने सुरुवातीलाच तीन गोष्टी विचाराव्यात: कंपनी कोणती, नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर की एजन्सीच्या, आणि तुमची फी कोण देणार. सरळ धंदा करणारा तिन्ही उत्तरे पहिल्याच फोनवर देतो. कधी कंपनीचे नाव सांगायला तो कचरतो, कारण उमेदवार परस्पर अर्ज करील अशी भीती असते. तेव्हा ‘तुमच्याकडूनच बायोडेटा जाईल, पण मला विचारल्याशिवाय पाठवू नका’ असे मेलवर लिहून द्यावे. हे फार उपयोगी पडते. एकाच माणसाचा बायोडेटा दोन कन्सल्टंटकडून एकाच कंपनीत पोहोचला की फी कोणाची यावरून भांडण होते, आणि बऱ्याच एचआर विभागांचा त्यावरचा उपाय म्हणजे तो उमेदवारच बाजूला ठेवणे. पाच एजन्सींकडे फाइल टाकली की पाचपट संधी मिळते हा समज इथेच मोडतो.

नोटीस पिरियड आणि सध्याचा पगार खरा सांगावा. पीएफच्या नोंदींतून मागच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात, पगाराच्या स्लिपा मागितल्या जातात. ऑफर स्वीकारून आयत्या वेळी न जाण्याची सवय तर कोल्हापूर-पुणे पट्ट्यात बोकाळली आहे. त्यात कंपनीचे महिना-दोन महिने जातात, कन्सल्टंटचे पूर्ण काम पाण्यात जाते, आणि या लहान शहरात ते नाव लक्षात राहते. मन बदलले तर ते त्याच दिवशी फोन करून सांगावे. असा फोन करणाऱ्याला पुढच्या जागेसाठी बोलावणारे कन्सल्टंट आहेत. मूळ कागदपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, पडताळणीला दाखवून तिथेच परत घ्यावीत. ऑफर लेटर कंपनीच्या अधिकृत मेलवरून आले आहे का ते पाहावे आणि शंका आली तर एमआयडीसीत प्रत्यक्ष जाऊन गेटवर विचारावे. शिरोली लांब नाही.

कारखानदारांना सांगण्यासारखे याहून जास्त आहे. एक जागा सहा एजन्सींना दिली की सहाजण धावतात, पण कोणीच खोलात जात नाही. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने आधी पाठवले तर आपले कष्ट वाया. सगळे घाईघाईने तेच तेच बायोडेटा पाठवतात आणि एचआर ‘क्वालिटी नाही’ म्हणून कुरकुरते. तीच जागा तीन आठवड्यांसाठी एकालाच किंवा दोघांनाच द्यावी आणि त्याला एकदा शॉप फ्लोअर दाखवावा. मशीन कोणती, कंट्रोलर कोणता, शिफ्ट कशा, बस कुठून सुटते, कँटीन आहे का, हे त्याने पाहिले तर तो नीट माणूस पाठवू शकतो. ‘व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, अर्जंट’ एवढ्या व्हॉट्सॲप मेसेजवर कोण काय शोधणार? बायोडेटा आल्यावर दोन दिवसांत हो-नाही कळवावे, आणि नाही असेल तर कारणासह.

आणि बिल वेळेवर द्यावे. राजारामपुरीतली बहुतेक ऑफिसे दोन-चार माणसांची असतात. उद्यम नोंदणी असलेल्या अशा सूक्ष्म उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. आपले कास्टिंगचे पैसे मोठ्या कंपन्यांकडून वेळेवर येत नाहीत म्हणून याच कायद्याचा आधार मागणारे कारखानदार कन्सल्टंटचे बिल सहा महिने लोंबकळत ठेवतात, हे योग्य नाही. गिऱ्हाईक जाईल या भीतीने कन्सल्टंट तक्रार करत नाही. पण त्याला भाडे भरायचेच असते. त्याची नजर मग टेबलाच्या पलीकडे, फाइल घेऊन बसलेल्या पोराकडे वळते. उमेदवाराकडून पैसे घेण्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते, आणि ती थांबवण्याची ताकद मालकाच्या चेकबुकात आहे.

शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा, पंचतारांकितमध्ये मॅक आणि उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन अशा उद्योजकांच्या जाणत्या संघटना इथे आहेत. त्यांनी सभासदांसाठी एजन्सीशी करायच्या कराराचा एकच नमुना तयार केला, तर त्यात एक कलम असावे: उमेदवाराकडून किंवा कामगाराकडून कोणत्याही नावाने पैसे घेतल्याचे आढळल्यास ती रक्कम एजन्सीच्या बिलातून कापून थेट त्या कामगाराला दिली जाईल, आणि दुसऱ्यांदा घडल्यास एजन्सीचे नाव सर्व सभासदांना कळवले जाईल. सोबत किमान सर्व्हिस चार्जही लिहावा, म्हणजे एक टक्क्याची कोटेशन्स आपोआप बाद होतील. तपासणी अवघड नाही. रुजू होण्याच्या दिवशी गेटपास देताना एचआरने माणसाला त्याच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, कानडीत, ओडियात, एकट्याला बाजूला घेऊन विचारायचे की इथवर येण्यासाठी कोणाला काही दिले का. एजन्सीचा सुपरवायझर त्या वेळी खोलीत नको. हाच प्रश्न पहिला पगार झाल्यावर पुन्हा विचारायचा, कारण पहिल्या दिवशी नोकरी जाण्याच्या भीतीने बहुतेक जण नाही म्हणतात आणि कपात सुरू होते ती पगार हातात आल्यानंतर.